लाँड्रीवर राहणारी माणसं

माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, हे आमच्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आयुष्यभर बस चालवली, तीही ठरलेल्या रस्त्याने. म्हणून आता म्हातारपणी बोलताना जरा वळणं घेतो, एवढंच. पण ही गोष्ट सोडू नका. ही मी लाँड्रीच्या बाकावर बसून माझ्या या डोळ्यांनी पाहिली आहे.

त्या दिवशी वारा असा सुटला होता की शेजारची मांजर कुंपणाच्या या बाजूने उडी मारायची आणि पुन्हा याच बाजूला पडायची. लाँड्रीच्या मागच्या अंगणात कांजी ओल्या चादरी दोरीवर घालत होती. कांजी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. कपड्यांना कांजी करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि बोलणंही तसंच, कडक, घडी न मोडणारं. म्हणून सगळे तिला कांजीच म्हणत, लाँड्रीची मालकीण असलेली तिची आत्यासुद्धा.

तेवढ्यात एक भलामोठा कागद उडत आला आणि ओल्या चादरीला सपकन चिकटला. त्याच्यामागे एक उंच, सडसडीत तरुण धावत आला. एका हातात दांड्याला लावलेलं मोजणीचं चाक, पँट गुडघ्यापर्यंत चिखलात.

"हलवू नका! अजिबात हलवू नका!"

"कुणाला? मला की चादरीला?"

"कागदाला!"

"कागदाला मी हात लावलेला नाही. त्यानेच माझ्या चादरीला लावलाय."

त्याने जपून, श्वास रोखून कागद सोलून काढला. कागदावरची निळी रेघ पार फिसकटली होती. आणि तीच रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढऱ्याशुभ्र चादरीवर उमटली होती.

"तुम्ही माझी हद्द पुसलीत," तो रडवेला होऊन म्हणाला.

"आणि तुम्ही माझी चादर रंगवलीत. हद्द झाली!"

मग त्याने मान वर केली. आत्तापर्यंत बिचारा चादरीशीच बोलत होता. आता त्याला दिसलं की चादरीमागे माणूस आहे — तोंडात लाकडी चिमटा, कपाळावर ओल्या केसांची बट आणि डोळ्यांत हसू दाबून धरलेलं... तो बघतच राहिला. तीही चिमटा तोंडातून काढायला विसरली. आणि खरं सांगतो, तेवढ्यापुरता वारा थांबला. मांजर पहिल्यांदाच कुंपणाच्या पलीकडे पडली.

"कोण आहे गं?" आतून आत्याचा आवाज आला.

"कुणीतरी चादरीवर रेघ मारून गेलंय, आत्या."

"गेलंय कुठे? अजून उभंच आहे की!"

तो दचकला. खिशातून एक चिठ्ठी काढून म्हणाला, "मला एक घर शोधायचंय. सरकारी मोजणी कार्यालयातून आलोय. आमच्या नोंदीत तुमच्या या भागात एकच घर आहे. आणि त्या एका घरात चारशेच्या वर माणसं राहतात. पत्ता — लाँड्री, फाटकाजवळ."

कांजीने दारातून आत पाहिलं. दोन यंत्रं, इस्त्रीचं टेबल, आत्या, आणि बाकावर मी. "मग या ना आत," ती म्हणाली. "सगळे थोडे थोडे सरकून घेतील."

"एवढी माणसं झोपतात कशी इथे?"

"दाटीवाटीने. कूस बदलायची असली तर आदल्या दिवशी सांगावं लागतं."

तो हसला. मी तिथल्या तिथे त्याचं नाव ठेवलं — फूटपट्टी. उंचीवरून नव्हे, सरळपणावरून.

आता हा घोळ कसा झाला ते सांगतो. आमच्या वस्तीचा आकार थेट इस्त्रीसारखा. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला रेल्वेचे रूळ. मागे रुंद टेकडी, आणि पुढे कालवा नि रूळ जिथे भेटतात तिथे इस्त्रीचं टोक — तिथेच फाटक, आणि फाटकाला लागून लाँड्री. कालव्यापलीकडे एक शहर, रुळांपलीकडे दुसरं. आम्ही मधले, ना घरचे ना घाटचे. या शहराची कचरागाडी कालव्याच्या पुलावरून मागे फिरते, त्या शहराचे दिवे फाटकाशी संपतात. कुत्रं चावलं, तर कुठल्या शहराच्या दवाखान्यात जायचं हे कुत्र्याचं शेपूट कुठल्या दिशेला होतं त्यावरून ठरतं. (यातलं निम्मं सोडा.)

रस्त्यांना नाव नाही, घरांना नंबर नाही. पोस्टमन फाटकाच्या आत पाय टाकायचा नाही. तो सगळी पत्रं लाँड्रीत टाकून निघून जायचा. आत्याने आतल्या दोरीवर प्रत्येक घराचा एक चिमटा ठरवून दिला होता. पत्र आलं की चिमट्याला लटकायचं. म्हणून बँक असो, शाळा असो, नोकरी असो, पत्ता विचारला की आमचं माणूस डोळे मिटून सांगायचं, 'लाँड्रीवर.' कार्यालयाला वाटलं, एकाच पत्त्यावर एवढी माणसं म्हणजे तीच तीच नावं पुन्हा पुन्हा आली असणार. त्यांनी सगळ्यांना मिळून एक घर धरलं. आणि एका घरासाठी वेगळं गाव कोण दाखवणार?

"म्हणून आता ठरलंय," फूटपट्टी खाली मान घालून म्हणाला, "हा भाग दोन शहरांत वाटून टाकायचा. मधून रेघ मारायची. ती... ती चादरीवरची."

"कुठून जाते ती?"

तो आत आला. चाक जमिनीवर टेकवून हळूहळू चालत गेला. कपडे धुण्याची दोन्ही यंत्रं एका बाजूला राहिली, इस्त्रीचं टेबल दुसऱ्या बाजूला. माझ्या बाकाच्या बरोबर मधून रेघ गेली. मी पटकन दोन्ही पाय एका शहरात घेतले.

"आणि दोन शहरांत अर्धं अर्धं असलेलं दुकान चालवायला परवानगी कोण देतं?" आत्याने विचारलं.

"...कुणीच नाही," तो म्हणाला.

म्हणजे लाँड्री बंद. कांजीने हातातली चादर खाली ठेवली. पहिल्यांदाच तिची घडी वाकडी पडलेली मी पाहिली.

"काही उपाय?" तिने विचारलं. आवाज तोच कडक, पण कडेला जरा ओला.

"आहे. रेघ कायम होण्याआधी तपासणी असते. मोठ्या मॅडम येतात. तोवर मी दाखवून दिलं की इथे खरोखर वेगवेगळी घरं आहेत, वेगळी माणसं आहेत, आणि चार लोक जमतात अशी एक सार्वजनिक जागा आहे — शाळा, दवाखाना, पोस्ट, स्टेशन, काहीही — तर वस्तीला नकाशावर स्वतःचा बिंदू मिळतो. मग रेघ वस्तीच्या बाहेरून जाते."

"मग दाखवा की!"

"त्यासाठीच तर... पण मला इथली वाट माहीत नाही."

"चला," कांजी म्हणाली आणि पायांत चपला सरकवल्या. आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, "ड्रायव्हर, ही पोरगी गिऱ्हाइकाला कधी पाणी विचारत नाही. आज वाट दाखवायला निघाली."

"वाटेला लागली म्हणा," मी म्हणालो.

त्यानंतर रोज दोघं वस्तीभर फिरू लागले. तो चाक ढकलत पुढे, ती पत्र्याच्या नंबरपट्ट्यांची पिशवी घेऊन मागे. मागे कसली, दोन दिवसांत शेजारी. तो दारावर टकटक करून विचारायचा, "आपण कुठे राहता?" आणि माणूस स्वतःच्या उंबरठ्यावर, स्वतःच्या दाराला टेकून, तोंडात स्वतःच्या घरातला घास घोळवत सांगायचा, "लाँड्रीवर."

"अहो काका, हे घर कुणाचं?" कांजी ओरडायची.

"माझंच."

"मग राहता कुठे?"

"सांगितलं ना, लाँड्रीवर!"

फूटपट्टी हसून हसून चाकावर वाकायचा. ती त्याला चिडून म्हणायची, "हसायला काय झालं? नंबर ठोका." तो ठोकायचा. ती दोन पावलं मागे जाऊन डोळा बारीक करून बघायची. "वाकडा आहे."

"सरळ आहे. मी मोजलाय."

"मोजून सरळ असेल. बघून वाकडा आहे."

मग तो निमूटपणे खिळा उपटायचा. सरळ पट्ट्या तिच्यासाठी त्याने पुन्हा वाकड्या ठोकल्या, तेव्हाच मी काय ते ओळखलं.

पण कांजी एकदम गप्प झाली. का, ते आत्याने मला हळूच सांगितलं. पोरीने त्याचा शर्ट इस्त्रीला घेतला, तर त्याची बटणं पाहिली. एकेक बटण असं काही निगुतीनं शिवलेलं, दोरा चार वेळा फिरवून, मागे नाजूक गाठ. "हे बायकोचं काम आहे, आत्या," म्हणाली आणि इस्त्री अशी आपटली की भिंतीवरची पाल खाली आली. कपड्यांवरून माणूस ओळखण्याचा तिला भारी गर्व. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नाही. तो "आज कुठली गल्ली?" विचारतोय आणि ही "तुमची तुम्ही बघा" म्हणतेय.

आता मी काय शांत बसणार? त्याचा शर्ट हँगरवर लटकत होता. मी नखं कापायच्या कात्रीने वरचं दुसरं बटण उडवलं आणि खिशात टाकलं. संध्याकाळी तो शर्ट न्यायला आला.

"अरेरे, बटण गेलं की हो," मी म्हणालो. "आता घरी जाऊन बायकोला सांगा."

कांजीचे हात थांबले. पाठ आमच्याकडेच, पण कान... कानांना पाठ नसते.

"कुठली बायको?" फूटपट्टी म्हणाला. त्याने पिशवीतून सुई-दोरा काढला, माझ्या शेजारी बाकावर बसला आणि शिवू लागला — दोरा चार वेळा फिरवून, मागे नाजूक गाठ.

"हे... हे कुणी शिकवलं तुम्हाला?" कांजीने पाठमोरीच विचारलं.

"कुणी नाही. खोलीवर एकटा राहतो. एकट्या माणसाचा शर्टच त्याला शिकवतो."

ती वळली. चेहऱ्यावर असं काही आलं की जणू दिवसभर दाबून ठेवलेल्या कपड्याची सुरकुती सुटली. "द्या इकडे," ती म्हणाली. "गाठ सैल आहे."

गाठ घट्ट होती. मी पाहिली होती. पण मी गप्प बसलो. एवढं मला कळतं.

घरं झाली, माणसं झाली. राहिली ती सार्वजनिक जागा. फूटपट्टीने सगळी वस्ती पालथी घातली. शाळा? कालव्यापलीकडे. दवाखाना? रुळांपलीकडे. मी त्याला माझा बाक सुचवला, तर म्हणाला, "यावर चार लोक मावत नाहीत." तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी तो लाँड्रीतच बसून अहवाल लिहीत होता. बाहेर बारीक भुरभुर सुरू झाली. कांजी चादरी काढायला धावली, तो मागे धावला. ओल्या चादरींच्या दोन भिंतींमध्ये दोघं अडकले. मी खिडकीशी होतो. ऐकायचं नव्हतं मला, पण खिडकीला झडपच नव्हती.

"जागा सापडली नाही," तो म्हणाला.

"लाँड्री लिहा ना. सगळे येतातच की इथे."

"लाँड्री खाजगी दुकान आहे."

"पण तुम्ही ठरवलंत तर—"

"तेच तर. मी लिहिलं तर ते... तुमच्यासाठी लिहिलं असं होईल."

"आणि तसं नसेल तर?"

चादरीवरून पाण्याचे थेंब टपटपत होते.

"तसं आहे..." तो म्हणाला. "म्हणून तर लिहिता येत नाही."

एक चादर ओढून तिने छातीशी धरली आणि आत गेली. चादर पुरती भिजलेली होती, पण तिला त्याचं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसासाठी मी सगळ्यांची तालीम घेतली होती. प्रत्येकाने आपापला घरनंबर पाठ करायचा, मॅडमनी विचारलं की खणखणीत सांगायचा. बेकरीवाला पाव भाजतानासुद्धा नंबर पुटपुटत होता. सगळं चोख. मीही माझा चांगला शर्ट कांजीकडे इस्त्रीला दिला.

मोठ्या मॅडम आल्या. बुटक्या, चष्मेवाल्या, बोलायला मोजक्या. पहिलंच घर बेकरीवाल्याचं. तो नंबरपट्टीखाली छाती काढून उभा.

"आपण कुठे राहता?"

बेकरीवाल्याने वर पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कांजीकडे पाहिलं. कपाळावर घामाची धार. ओठ हलले. आणि शेवटी तो जिवाच्या आकांताने ओरडला, "लाँड्रीवर!"

झालं! कळपातलं एक मेंढरू खड्ड्यात पडलं की बाकीची काय करतात? नर्सबाई — "लाँड्रीवर." रिटायर्ड मास्तरांनी बरोबर नंबर सांगितला, तर त्यांची बायको त्यांना ढोसून म्हणाली, "अहो काहीतरीच काय सांगताय! पत्र कुठे येतं आपलं? लाँड्रीवर!" दारामागून दार, तेच उत्तर. मी स्वतः चांगला खमक्या माणूस, मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडलं ते सांगायला नको.

फूटपट्टीचा चेहरा दोनदा धुतल्यासारखा पांढरा पडला होता. आम्ही सगळे मेल्यासारखे मॅडमच्या मागून चालत लाँड्रीपर्यंत आलो. कांजी आत जाऊन इस्त्रीशी उभी राहिली. हाताला काहीतरी हवं म्हणून तिने माझा शर्ट पुढे ओढला. मॅडम माझ्या बाकावर बसल्या.

तेवढ्यात नर्सबाई आत आली, लेकीसाठी घराची किल्ली चिमट्याला अडकवली आणि ड्युटीवर निघून गेली. मास्तरांच्या सौ. आपलं पत्र काढून तिथेच उभ्या उभ्या वाचू लागल्या. मॅडम ते बघत राहिल्या.

"वस्तीत कुणी आजारी पडलं, तर कुठे कळतं?" त्यांनी आत्याला विचारलं.

"इथंच."

"भांडण झालं तर?"

"इथंच. मिटतंही इथंच. हातात गरम इस्त्री असते ना आमच्या."

मॅडम फूटपट्टीकडे वळल्या. "तुम्ही अहवालात लिहिलंय, सार्वजनिक जागा आढळली नाही."

"हो मॅडम. हे दुकान खाजगी—"

"अहवाल कुठे बसून लिहिलात?"

"...इथेच."

"घरं मी पाहिली. माणसं पाहिली, जिवंत आहेत, वेगवेगळी आहेत, एकेक नमुनाच आहे. पत्ता विचारला की सगळी एकाच दिशेला बोट दाखवतात. आणि तुम्हाला मध्यबिंदू सापडत नाही?"

"मला... मला इथलं नीट दिसत नव्हतं, मॅडम."

मॅडमनी त्याच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं. मग कांजीकडे. चष्मा जरा खाली केला. "हं," त्या म्हणाल्या. "फार जवळ गेलं की होतं असं."

त्यांनी नकाशा टेबलाच्या कडेला पसरला, पेन्सिल काढली आणि टिंब दिलं. एवढंसं, राईएवढं. बेकरीवाला मटकन खाली बसला. आत्याने पदराने तोंड झाकलं, रडायला की हसायला ते तिचं तिलाच माहीत. बाहेर कुणीतरी ओरडलं, "मिळाला! बिंदू मिळाला!" आणि सगळ्या वस्तीने एकदम श्वास सोडला, इतका जोरात की दोरीवरची पत्रं हलली. (हे अजिबात सोडू नका. हललीच.)

मॅडम कागद आवरू लागल्या. फूटपट्टीला म्हणाल्या, "तुमचं इथलं काम संपलं. छापलेला नकाशा सहीसाठी तुमच्याकडे पाठवीन. पत्ता सांगा तुमचा."

"लाँड्रीवर," फूटपट्टी म्हणाला.

तो स्वतः अजून कागदाची गुंडाळी करत होता. काय बोललो हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग हात थांबले, आणि कान कानशिलांसकट पेटले. खरं तर जळाल्याचा वास आम्हा सगळ्यांनाच आला.

"कांजे, इस्त्री!" आत्या किंचाळली.

मॅडमनी वहीत शांतपणे लिहून घेतलं — लाँड्री, फाटकाजवळ — आणि गाडीत जाऊन बसल्या.

थोड्या वेळाने मागच्या अंगणात कांजी चादर वाळत घालत होती. तीच, निळ्या रेघेची. कितीदा धुतली तरी रेघ गेली नव्हती, आणि मला विचाराल तर तिने ती नीट धुतलीच नव्हती. चादरीच्या पलीकडे तो येऊन उभा राहिला.

"चुकून बोललात ना तुम्ही?" अलीकडून ती.

"हो. चुकूनच."

"दुरुस्त करायचं असेल तर पळा. फाटक पडलंय, मॅडमची गाडी अजून तिथेच आहे."

तो हलला नाही. रुळांवरून आगगाडी धडधडत गेली. फाटक उघडल्याचा कर्रर्र आवाज आला.

"गेल्या त्या," ती म्हणाली. आवाजातली सगळी कांजी उतरली होती.

"गेल्या," तो म्हणाला. "आमच्यात एक नियम आहे. एकदा बिंदू ठरला की सगळी अंतरं तिथूनच मोजायची."

"मग मोजा की. तुम्ही बिंदूपासून किती लांब आहात सध्या?"

"सध्या..." तो थांबला. "एक चादर."

दोरीवरचा चिमटा टकन निघाल्याचा आवाज आला. नंतरचं मला दिसलं नाही, कारण आत्याने मला कॉलरला धरून खिडकीतून मागे ओढलं.

आता घरांना नंबर आहेत, नकाशावर आमचं टिंब आहे, पोस्टमन गल्लीगल्लीत फिरायला तयार आहे. पण पत्ता विचारला तर आमची माणसं अजून तेच सांगतात, आणि तो दमलेला पोस्टमन सगळं दोरीवर अडकवून बाकावर माझ्याशेजारी टेकतो. फूटपट्टी शेजारच्या शहरातल्या कार्यालयात बदली घेऊन इथेच राहिला. बटणं लावायचं काम लाँड्रीत आता तोच करतो.

माझा चांगला शर्ट मात्र गेला. पाठीवर इस्त्रीचा तपकिरी डाग पडलाय, आणि देवाशप्पथ सांगतो, तो डाग म्हणजे आमच्या वस्तीचा हुबेहूब नकाशा आहे. इकडे कालवा, तिकडे रूळ, मागे टेकडी, आणि बरोबर टोकाशी, जिथे लाँड्री असायला हवी तिथे, एक एवढंसं भोक.

खोटं वाटत असेल तर एकदा येऊन शर्ट बघून जा. पत्ता? तो आता मी कशाला सांगू!